दोन्हीकडून चीत: लायसियममधल्या एका खंडनाचं प्रकरण

लायसियम ही अथेन्सच्या तटाबाहेरची तालीम. तिथे कपडे बदलायची एक खोली होती आणि या प्रकरणातलं सगळं त्या खोलीतल्या बाकांवर बसून घडलं. क्लिनियस नावाचा एक मोठ्या घरचा, देखणा पोरगा सॉक्रेटिसच्या शेजारी बसलाय. दोघांच्या दोन बाजूंना दोन पाहुणे भाऊ आहेत, युथिडेमस आणि डायोनिसोडोरस. भोवती त्यांच्या शिष्यांचा घोळका आणि क्लिनियसवर जीव टाकणारी तरुण मंडळी. युथिडेमस पोराला विचारतो, शिकतात ते कोण, शहाणे की अडाणी? पोरगा लाजून लाल होतो आणि सॉक्रेटिसकडे बघतो. सॉक्रेटिस त्याला धीर देत असतानाच डायोनिसोडोरस हसत हसत सॉक्रेटिसच्या कानाशी लागतो आणि सांगतो की पोरगा काहीही उत्तर देवो, तो पडणारच.

प्लेटोच्या ‘युथिडेमस’ या संवादातला हा प्रसंग आहे. तो वाचून बहुतेक जण हसतात आणि दोघा भावांना भामटे ठरवून पुढे जातात. मीही बरीच वर्षं तेच केलं. पण त्या कुजबुजीपाशी थांबलं तर प्रश्न वेगळा दिसतो. ‘काहीही उत्तर दे, पाडता येईल’ हे खरं व्हायचं असेल तर शब्द, वस्तू आणि बोलणारा माणूस यांच्याबद्दल आधीच काय काय गृहीत धरावं लागतं? बरं, हेच भाऊ त्याच बैठकीत थोड्या वेळाने सिद्ध करतात की खोटं बोलणं मुळात शक्यच नाही. म्हणजे आधी कुठलंच उत्तर टिकत नव्हतं आणि आता कुठलंच वाक्य चुकत नाही. ही दोन टोकं एकाच खुंटीला बांधलेली आहेत. ती खुंटी कोणती, हे या प्रकरणात शोधायचं आहे.

माणसं

दोघे भाऊ मूळचे किऑस बेटाचे. तिथून ते दक्षिण इटलीतल्या थुरी या वसाहतीत गेले आणि तिथूनही हद्दपार झाले. थुरी वसली इ. स. पू. 444-443च्या सुमारास आणि तिचे कायदे प्रोटॅगोरस या नामवंत सोफिस्टाने, म्हणजे पैसे घेऊन शिकवणाऱ्या फिरत्या गुरूने, लिहून दिले अशी जुनी परंपरा आहे. अथेन्समध्ये या भावांची आधीची ओळख वस्ताद म्हणून होती. चिलखत घालून कसं लढावं, सैन्य कसं चालवावं, कोर्टात कसं बोलावं, हे ते पैसे घेऊन शिकवत. सॉक्रेटिसच्या मंडळीतल्या झेनोफनच्या ‘आठवणीं’मध्येही सेनापतीची विद्या शिकवणारा एक डायोनिसोडोरस येतो. सॉक्रेटिस त्याच्या शागिर्दाची चौकशी करतो तेव्हा कळतं की त्याला फक्त रांगा कशा लावायच्या तेवढंच शिकवलंय. बाकीचं विचारायला त्याला परत पाठवलं जातं. तर अशा या दोघांनी उतारवयात नवी विद्या हस्तगत केली आहे: शब्दांची कुस्ती. समोरचा खरं बोलो वा खोटं, त्याचं खंडन करायचं. ग्रीक भाषेत या भांडकुदळ वादाला ‘एरिस्टिकी’ म्हणत. ती शिकवताना दावा मात्र मोठा: आम्ही माणसाला सद्गुण शिकवतो, तोही सगळ्यांपेक्षा लवकर.

ही माणसं प्लेटोने रचलेली पात्रं आहेत हे धरूनही युथिडेमस निव्वळ काल्पनिक मानता येत नाही. ॲरिस्टॉटल त्याच्या नावाचा युक्तिवाद स्वतंत्रपणे नोंदवतो. आणि प्लेटोच्याच ‘क्रॅटिलस’मध्ये त्याच्या नावावर एक सिद्धांत आहे: सगळ्या गोष्टी सगळ्यांना एकसारख्याच, एकाच वेळी आणि नेहमी लागू असतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला डाव

क्लिनियस म्हणतो, शहाणे शिकतात. युथिडेमस म्हणतो, शिकत होतास तेव्हा ते तुला येत नव्हतं ना? मग तेव्हा तू शहाणा नव्हतास. म्हणजे अडाणी शिकतात. शिष्य खो खो हसतात. पोराला श्वास घ्यायला वेळ मिळायच्या आत डायोनिसोडोरस चेंडू झेलतो: गुरुजी मजकूर सांगायचे तेव्हा तो चटकन उचलणारी पोरं हुशार होती की मठ्ठ? हुशार. मग शिकतात ते शहाणेच, तू आत्ता युथिडेमसला चुकीचं उत्तर दिलंस!

इथला ग्रीक शब्द ‘मान्थानेइन’. मराठीत त्याच्या जवळ जाणारा शब्द ‘शिकणे’ नाही, ‘कळणे’ आहे. बातमी कळते ती ज्याला आधी ठाऊक नव्हती त्याला. गणित कळतं ते ज्याला आकडेमोड येते त्याला. मग कळतं कोणाला, माहीत असलेल्याला की नसलेल्याला? दोन्ही उत्तरं पडतात, कारण ‘कळणे’ एकच असलं तरी त्याची कामं दोन आहेत. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात याला वाक्छल म्हणतात आणि न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचं ‘नवकंबल’ हे त्याचं नमुन्याचं उदाहरण: पोराकडे नवं घोंगडं आहे असं कोणी म्हणावं आणि दुसऱ्याने विचारावं, नऊ कुठेत, एकच तर दिसतंय!

सॉक्रेटिस हेच पोराला समजावतो. शब्द एक, अर्थ दोन, तेव्हा शब्दांचे बारीक भेद शिकवणारा सोफिस्ट प्रॉडिकस म्हणतो तसं आधी शब्दांचा नीट वापर शिक. बाकी ही नुसती चेष्टा आहे, बसायला निघालेल्याच्या खालून चौरंग ओढावा तशी. बहुतेक वाचक इथे समाधान पावतात: द्व्यर्थी शब्द होता, उलगडला, संपलं. मला ते पटत नाही. द्व्यर्थी शब्द हे फार तर हत्यार झालं. पण ‘तुम्ही कोणत्या अर्थाने म्हणताय?’ असं विचारायला बंदी का आहे, याचं उत्तर शब्दाच्या दोन अर्थांत सापडत नाही. आणि बंदी आहे. पुढे सॉक्रेटिस उलट प्रश्न विचारतो तेव्हा युथिडेमस त्याला सुनावतो की प्रश्न तुला विचारलाय, तू कसला विचारतोस, लाज नाही वाटत? त्यावर सॉक्रेटिस विचारतो, तुम्ही एक मनात धरून विचारलंत आणि मी दुसरंच समजून उत्तर दिलं तरी चालेल? चालेल, म्हणतो युथिडेमस.

हे ‘चालेल’ फार महत्त्वाचं आहे. खंडन होतंय ते माणसाच्या मताचं नाही, तोंडातून निसटलेल्या शब्दांचं. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं याला किंमत शून्य.

‘तो नसावा असंच तुम्हाला वाटतं’

आता मुख्य प्रसंग. डायोनिसोडोरस विचारतो, क्लिनियस शहाणा व्हावा असं तुम्हाला वाटतं ना? हो. आत्ता तो शहाणा आहे? अजून नाही. म्हणजे जो तो नाही तो त्याने व्हावं, आणि जो तो आत्ता आहे तो त्याने असू नये. म्हणजे तो नसावा! वा रे मित्र, आपलं माणूस मरावं असं वाटणारे!

मराठी वाचकाला यातला चटका ग्रीक वाचकाइतकाच लागावा. ‘तो आता तसा राहिला नाही’ आणि ‘तो आता राहिला नाही’ यात फरक एका ‘तसा’चा. डायोनिसोडोरस तेवढा ‘तसा’ काढून घेतो. त्याच्या लेखी असणं म्हणजे असणं आणि नसणं म्हणजे नसणं. ‘अमुक असणं’ नावाची मधली जागा नाही. हे त्याचं स्वतःचं नाही. मागे एलियाचा जुना तत्त्वज्ञ पार्मेनिडीज उभा आहे, ज्याने ठणकावून सांगितलं होतं की जे नाही ते जाणताही येत नाही आणि बोलूनही दाखवता येत नाही. पार्मेनिडीजने त्यातून अचल, अखंड सत्याची कविता लिहिली. थुरीच्या पाहुण्यांनी त्यातून तालमीतला पेच बनवला.

क्टेसिपस हा क्लिनियसच्या चाहत्यांमधला तरुण इथे भडकतो: माझ्याबद्दल असं खोटं का बोलता? लगेच युथिडेमस पुढे येतो: खोटं बोलता येतं असं वाटतं तुला?

पुढचा संवाद थोडक्यात असा आहे. बोलणारा ज्या गोष्टीबद्दल बोलतो ती गोष्ट बोलतो ना? हो. ती असलेल्यांपैकीच एक गोष्ट ना? हो. मग जो आहे ते बोलतो तो खरंच बोलतो. क्टेसिपस अडतो: पण असं बोलणारा जे आहे ते बोलत नाही. त्यावर उत्तर येतं: जे नाही ते कुठेच नाही, त्याचं कोणी काही करू शकत नाही, आणि सभेत वक्ते बोलतात तेव्हा काही तरी करतातच, बोलणं हीसुद्धा कृती, म्हणून जे नाही ते कोणी बोलूच शकत नाही.

यात द्व्यर्थी शब्द शोधू गेलात तर हाताला फार काही लागणार नाही. इथे बोलण्याचं एक पूर्ण चित्र आहे. बोलणं म्हणजे वस्तूला हात लावणं. हात लागतो किंवा लागत नाही. ‘चुकीचा हात लागला’ म्हणजे दुसऱ्याच वस्तूला लागला, आणि तिला तर बरोब्बर लागला! हवेत हात फिरवला तर काहीच झालं नाही. या चित्रात खोट्याला जागाच उरत नाही. पुढे डायोनिसोडोरस याच चित्रातून दुसरा निष्कर्ष काढतो: दोघांत विरोध होऊच शकत नाही. प्रत्येक वस्तूचं स्वतःचं एक विधान असतं. आपण दोघे तेच बोललो तर विरोध नाही. मी या वस्तूचं बोललो आणि तू त्या वस्तूचं, तरी विरोध नाही. आणि वस्तूबद्दल न बोलणारा बोलणाऱ्याला विरोध करणार तरी कसा? ॲरिस्टॉटल जवळपास हेच मत अँटिस्थेनिसचं म्हणून नोंदवतो आणि त्याला भाबडा म्हणतो. अँटिस्थेनिस सॉक्रेटिसच्याच गोतावळ्यातला माणूस होता. तेव्हा हा विचार फक्त बाजारू सोफिस्टांचा होता असं म्हणून हात झटकता येत नाहीत. सॉक्रेटिस स्वतः म्हणतो की हे मी प्रोटॅगोरसच्या मंडळींकडून पुष्कळदा ऐकलंय आणि त्यांच्याही आधीचे लोक हेच म्हणत.

आता ती खुंटी दिसते. बोलण्यात ‘तसा’, ‘इतका’, ‘या बाबतीत’, ‘तेव्हा’ असं काही जोडायलाच परवानगी नसेल तर दोन गोष्टी एकदम होतात. कुठलंही साधं उत्तर अपुरं राहतं, त्यामुळे उलटं उत्तरही तितकंच लागू पडतं आणि तुम्ही चीत. आणि कुठलंही वाक्य आपल्या वस्तूला पुरतं चिकटतं, त्यामुळे ते खोटं पडूच शकत नाही. ‘क्रॅटिलस’मधला युथिडेमस आठवा: सगळं सगळ्यांना, एकसारखं, एकाच वेळी, नेहमी. ही तत्त्वज्ञानातली भूमिका आहे आणि पोराला लाल करणारा पेच तिचाच धाकटा भाऊ.

प्रोटॅगोरस वेगळ्या वाटेने याच गावी पोचतो. त्याच्याकडे जे ज्याला जसं भासतं ते त्याच्यापुरतं तसंच, म्हणून कोणी चुकत नाही. पण तिथे निदान ‘त्याच्यापुरतं’ आहे. भावांनी तेही काढून टाकलंय.

दबून गेलेलं उत्तर

या गदारोळात क्टेसिपस एक वाक्य बोलून जातो, ते मला या संवादातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. तो म्हणतो, डायोनिसोडोरस बोलतो ते असलेल्या गोष्टींचंच एका परीने, पण त्या जशा आहेत तसं नाही.

‘जशा आहेत तसं नाही.’ खोट्याची याहून नेमकी व्याख्या तालमीत बसून कोणी करू शकला नसता. वस्तू आहे, पण तिच्याबद्दल दुसरंच काही बोललं जातंय. हेच शास्त्रशुद्ध मांडायला प्लेटोला पुढे ‘सोफिस्ट’ हा अख्खा संवाद लागला. तिथे ‘थिएटेटस बसलाय’ आणि ‘थिएटेटस उडतोय’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवली जातात: दोन्ही त्याच माणसाबद्दल, दोन्हींचे दोन भाग, एक नाम आणि एक क्रियापद, दुसऱ्यात त्याच्याबद्दल जे आहे त्याहून वेगळं सांगितलंय. नसणं म्हणजे शून्य नव्हे, वेगळं असणं. बोलणं म्हणजे एकदा हात लावणं नव्हे. आधी वस्तू धरायची, मग तिच्याबद्दल काही म्हणायचं.

पण त्या दिवशी क्टेसिपसचं वाक्य वाया जातं. डायोनिसोडोरस लगेच म्हणतो, गोष्टी जशा आहेत तशा बोलणारेही असतात का? असतात, भले लोक. मग ते वाईटाबद्दल वाईट बोलतात? बोलतात, आणि थंड माणसांबद्दल थंड, क्टेसिपस उसळून म्हणतो. झालं, शिवीगाळ! सॉक्रेटिसला मध्ये पडावं लागतं. तो हसत म्हणतो, माणसाला मारून शहाणा करायची विद्या यांच्याकडे असेल तर मी म्हातारा आहे, म्हाताऱ्याला उकळून तरुण करू म्हणणाऱ्या पुराणातल्या कोल्किसच्या मिडियासारखं मला उकळा म्हणावं. बरोबर उत्तर मिळूनही वाद हरतो, हे मी सभा-संमेलनांतल्या चर्चांमध्ये इतक्या वेळा पाहिलंय की प्लेटोच्या या पानाला दाद द्यावीशी वाटते. त्याने उत्तर सर्वांत तापट माणसाच्या तोंडी घातलं आणि राग त्याच्या आड येऊ दिला.

उलटा पेच

सॉक्रेटिस क्टेसिपसच्या वाटेने जात नाही. खोटं म्हणजे काय हे तो सांगत बसत नाही; तो खंडनाची कृतीच पुढ्यात ठेवतो. खोटं बोलता येत नाही, खोटं मतही असू शकत नाही, अज्ञानही नाही, बरोबर? बरोबर. तुम्ही हे नुसतं बोलायचं म्हणून बोलताय की खरंच तसं वाटतं? तूच खंडन करून दाखव, डायोनिसोडोरस म्हणतो. पण कोणी चुकतच नसेल तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे खंडन करता येतं का? नाही येत, युथिडेमस सांगून मोकळा होतो. मग यांनी आत्ता मला ‘खंडन कर’ असं सांगितलंच नाही तर! आणि करताना, बोलताना, विचार करताना कोणी चुकतच नसेल, तर अहो, तुम्ही शिकवायला आलात कोणाला?

डायोनिसोडोरसचं यावरचं उत्तर वाचताना बहुतेकांना हसू येतं. मला ते प्रामाणिक वाटतं. तो म्हणतो, सॉक्रेटिस, तू इतका कसा रे जुनाट, आधी बोललेलं आत्ता काढतोस? मी गेल्या वर्षी काही बोललो असलो तर तेही काढशील. आत्ता जे म्हणतोय त्याचं बोल!

ही पळवाट आहेच, पण आतून ती आपल्या तत्त्वाला धरून आहे. प्रत्येक वाक्य आपापल्या वस्तूला पुरतं चिकटलं असेल तर कालच्या वाक्याचा आजच्याशी संबंधच काय? विसंगती दाखवायची तर दोन वाक्यांमागे तोच माणूस, तेच मत धरावं लागतं. सॉक्रेटिसचं ‘एलेंखोस’, म्हणजे प्रश्न विचारत मत तपासणं, नेमकं त्यावर उभं आहे: तुला जे खरंच वाटतं ते सांग, मग मघाशी तू काय म्हणालास ते आठवू. ‘प्रोटॅगोरस’ या संवादात समोरचा ‘तुला हवं तर तसं धरू’ असं म्हणतो तेव्हा सॉक्रेटिस अडवतो: ‘हवं तर’ची परीक्षा मला नको, तुझी आणि माझी हवी. लायसियममध्ये परीक्षा होत होती ती फक्त ‘हवं तर’ची.

मग सॉक्रेटिस शेवटचा धक्का देतो, तोही त्यांच्याच चालीने. मी चुकलो की नाही चुकलो? नसेन चुकलो तर कितीही वस्ताद असलात तरी माझं खंडन होणार नाही. चुकलो असेन तर ‘चूक नसतेच’ हे तुमचं म्हणणं खोटं. हा युक्तिवाद दुसऱ्याला पाडतो आणि स्वतःही पडतो.

गंमत म्हणजे वात्स्यायनानेही न्यायभाष्याच्या आरंभी वैतंडिकाला याच बोळात गाठलं आहे. वितंडा म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडणं. भाष्यकार विचारतो, तुझा यात हेतू काय? हेतू सांगितलास तर तो तुझा पक्ष झाला, वैतंडिकपण सुटलं. नाही सांगितलास तर तू ना व्यवहारी माणूस, ना परीक्षक. मराठीत आपण ‘वितंडवाद’ शब्द कुठल्याही हट्टी भांडणाला लावतो, त्यामुळे त्याची ही धार बोथट झाली. अथेन्स आणि न्यायदर्शन यांचा धागा जोडायचा इथे हेतू नाही. खंडनाचा धंदा करणाऱ्याला कुठे हटकायचं हे दोघांनाही दिसलं, इतकंच.

सॉक्रेटिसलाही मी पूर्ण सोडणार नाही. मधल्या वेळात तो क्लिनियसला ‘शहाणपण हेच सुदैव’ असं पटवतो, तेव्हा त्याचीही पावलं बऱ्यापैकी घसरतात. लांबून बघणाऱ्याला भावांचं आणि त्याचं खंडन सारखंच दिसलं असणार. फरक हा की त्याला अडवता येतं, थांबवून ‘कोणत्या अर्थाने?’ विचारता येतं.

नंतर

सॉक्रेटिसने पाडूनही भाऊ थांबत नाहीत. एक गोष्ट जाणतोस म्हणजे जाणता आहेस, जाणता तोच अजाण असू शकत नाही, म्हणून तुला सगळंच ठाऊक आहे, असा एक डाव होतो. सॉक्रेटिस उत्तरात ‘जे मला ठाऊक आहे ते’ अशी पुस्ती जोडतो तेव्हा त्याला दटावलं जातं. मग तो प्रसिद्ध कुत्रा: क्टेसिपसच्या कुत्र्याला पिल्लं आहेत, म्हणजे तो बाप, आणि तो तुझा, म्हणून तो तुझा बाप. तोवर क्टेसिपसच ही विद्या उचलतो आणि भावांना त्यांच्याच डावात धरतो. एक दुपार पुरली त्याला. ॲरिस्टॉटलने पुढे तक्रार केली आहे की हे लोक विद्या शिकवत नसत, तयार युक्तिवाद पाठ करून घेत. चांभारकाम शिकवण्याऐवजी तऱ्हेतऱ्हेचे तयार जोडे हातात द्यावेत तसं. त्यानेच मग सोफिस्टांच्या खंडनांवरच्या ग्रंथात अशा फसव्या डावांचे 13 प्रकार पाडले, 6 भाषेमुळे होणारे आणि 7 भाषेबाहेरचे. खऱ्या खंडनाची व्याख्या करताना त्याने अटींची रांगच लावली: विरोध नुसत्या नावाचा नको, वस्तूचा हवा, त्याच बाबतीत, त्याच संबंधात, त्याच प्रकारे, त्याच वेळी. भावांनी काढून घेतलेला प्रत्येक ‘तसा’ त्याने एकेक करून परत बसवला.

हे सगळं सॉक्रेटिस दुसऱ्या दिवशी मित्राला, क्रिटोला सांगतोय. या दोघांकडे शिकायला जायचं त्याने ठरवलंय म्हणे, आणि क्रिटोनेही चलावं. त्याच्या मुलांना आमिष म्हणून पुढे करू. क्रिटो सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, मला वाटतं मी त्या लोकांतला आहे, ज्यांना असल्या युक्तिवादांनी दुसऱ्याचं खंडन करण्यापेक्षा स्वतःचं झालेलं परवडतं. मग तो आपल्या मुलांच्या काळजीकडे वळतो. थोरला क्रिटोब्युलस आता शिकायच्या वयाचा झालाय, आणि त्याला तत्त्वज्ञानाकडे वळवावं कसं, ते त्याला कळत नाहीये.